तेराव्यानंतरचे चौदा महिने : गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका घराचे प्रकरण

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या संध्याकाळी माटोळी बांधायला घेतली होती. देवासमोर लाकडी चौकट टांगलेली, खाली सुपावर तिला बांधायची फळे : कांगलां, माट्टी, आंबाडे, तोरिंग, सुपारीचा कातरा. वहिनी भिंतीला टेकून केवणीच्या सालीचे दोर सोडवून देत होत्या. शिडीवरून दिरांनी नुसते म्हटले, "वहिनी, नारळाची पेंड (घड) दी." वहिनींच्या छातीत आवळून आले, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. आरोग्य केंद्रात ईसीजी काढला, तो साधा निघाला. डॉक्टरांनी घरात अलीकडे कोणी गेले का, असे विचारले. सून म्हणाली, "सासरे गेले, पण त्याला वर्ष होऊन गेलं."

माटोळी बांधणे हे तीस वर्षे त्या सासऱ्यांचे, म्हणजे वहिनींच्या यजमानांचे, काम होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर शोकाच्या मूल्यमापनासाठी पाठवत असल्याचे लिहिले. तिथून हे प्रकरण सुरू होते.

ही हकिकत एकाच घराची नाही. अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ती रचली आहे, आणि आकडे उपचाराची चाल दाखवण्यापुरते आहेत. बाईंना 'वहिनी' म्हटले आहे, कारण अशा घरातल्या थोरल्या सुनेला अख्खा वाडा तशीच हाक मारतो. वय ५४, शिक्षण अकरावीपर्यंत. घरात मुलगा (वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी), सून, चार वर्षांचा नातू. मुलगी सावंतवाडीला दिलेली. शेजारच्या घरात दीर. घरामागे सहा हजार चौरस मीटरचे कुळागर : पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढवलेली मिरी.

त्या सकाळी काय झाले

जुलैचा मध्य, आषाढ. यजमान वय ५९. सकाळी आठला खालच्या बाजूचा पाट मोकळा करून वर आले आणि "पोटात जळजळतंय" म्हणाले. अंगावर घाम होता. पावसातून आल्यामुळे तो घाम कोणाला वेगळा वाटला नाही. वहिनींनी ओवा चावायला दिला, वर गरम पाणी. ते बलकांवातल्या, म्हणजे ओसरीतल्या, सोप्यावर आडवे झाले. सव्वादहाला हाक मारली तर ओ नाही. १०८ ला फोन केला, गाडी आली, इस्पितळात पोचण्याआधीच संपले होते.

हृदयाच्या खालच्या भागाचा झटका कित्येकदा असाच येतो : छातीत कळ नाही, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ, घाम. पन्नाशीपुढच्या माणसाला जळजळीसोबत गार घाम असेल तर ओव्याची वाट न पाहता १०८ बोलवावी, हे खरेच आहे. पण मुलाने हे चौथ्या दिवशी मोबाइलवर वाचले आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवले. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्या क्षणापासून वहिनींच्या डोक्यात एकच वाक्य बसले : "हांवें ताका ओंवो दिलो." मी त्यांना ओवा दिला.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. दीड तास वाट पाहिली. दिरांनी शब्द दिला, मुलाने शब्द दिला, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. जमलेल्यांत कोणीतरी हळूच बोलले, "काहीतरी मनात राहिलं." आषाढातल्या मुसळधार पावसात कावळे फारसे फिरत नाहीत, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होती. पण त्या वेळी ती कोणी उच्चारली नाही. वहिनींनी दोन्ही गोष्टी जोडल्या : ओवा दिला म्हणून गेले, आणि माफ केले नाही म्हणून कावळा शिवला नाही.

पहिल्या वर्षात काय चुकले

सुतकाच्या दिवसांना आपल्याकडे घट्ट चौकट आहे. कोण कधी येणार, कोणाच्या घरून जेवण येणार, दिवा कुठे ठेवायचा, काय खायचे नाही, सगळे ठरलेले. ही चौकट चांगले काम करते. माणूस एकटा पडत नाही आणि त्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. अडचण चौदाव्या दिवशी येते. मंडप निघतो, मुलगी सासरी परतते, मुलगा कामावर रुजू होतो. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी तेराव्याला दहाजणांत अकरावे होण्यापेक्षा विसाव्या, चाळिसाव्या, साठाव्या दिवशी एकटे जावे. जाताना "काही लागलं तर सांग" म्हणू नये, शोकातला माणूस सांगत नाही. "बुधवारी दहा वाजता येतो, बँकेत जाऊ" असे म्हणावे.

या घरात पाच गोष्टी साचत गेल्या.

पहिली, गोळी. तिसऱ्या दिवशी रडणे आवरावे म्हणून अल्प्राझोलाम ०.२५ मि.ग्रॅ. सुरू झाली. पुढे ०.५ झाली आणि चौदा महिने तशीच चालू राहिली. या गोळीने झोप लागते, शोक हलत नाही. पहाटे तीनला जाग येऊ लागली ती वेगळीच.

दुसरी, कुळागर. पोफळीवर कोळेरोग पडू नये म्हणून पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर) आणि ४० ते ४५ दिवसांनी दुसरा हात मारतात. यजमान गेले ते नेमके दुसऱ्या हाताच्या आधी. कोणाच्या ध्यानातच आले नाही. भाद्रपदात कोवळी सुपारी काळी पडून गळायला लागली. ती रोज सकाळी झाडाखाली दिसायची, म्हणून वहिनींनी खाली उतरणेच सोडले.

तिसरी, नातू. त्याला सांगितले की आजोबा गावाला गेलेत. तो महिनोन् महिने बसचा आवाज आला की बलकांवात धावायचा, आणि प्रत्येक वेळी वहिनी आतल्या खोलीत जायच्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण कायमचे असते हे नीट कळत नाही. तरीही "आजोबा मेले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत" असेच सांगावे, आणि तोच प्रश्न वीस वेळा आला तर वीस वेळा तेच उत्तर द्यावे. 'झोपले' आणि 'गावाला गेले' हे दोन शब्दप्रयोग तेवढे टाळावेत. पहिल्याने मूल झोपायला घाबरते, दुसऱ्याने वाट पाहते.

चौथी, मुलाची अपेक्षा. शोकाच्या पाच पायऱ्यांचा एक संदेश त्याला मोबाइलवर आला होता. वर्ष झाले, आता आई शेवटच्या पायरीवर असायला हवी, असे त्याने धरले. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात स्वतः मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांचा शोक अशा जिन्याने चढत नाही.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच कोणाला दिसली नाही. वहिनींनी मासे सोडले.

दुखवट्याचे वर्ष पाळणे, शिवराक (शाकाहारी) जेवणे, याला आपल्याकडे कोणी हरकत घेत नाही, उलट मान देतात. पण वर्षश्राद्ध झाले, घरात बांगड्याचे हुमण (आमटी) शिजू लागले, तरी वहिनी ताटावरून उठून जात. यजमान रोज सकाळी फोंड्याच्या बाजारातून मासळी आणायचे, दारातच पिशवी उघडून दाखवायचे. मासे म्हणजे ती पिशवी आणि तो माणूस. घरचे म्हणत, "आईनं व्रत धरलंय." ते व्रत नव्हते, ती टाळाटाळ होती. टाळाटाळीने धर्माचे वस्त्र नेसले की ती ओळखणे अवघड जाते. फरक पाहायचा एक साधा उपाय आहे. व्रत करणारी व्यक्ती इतरांना वाढू शकते, टाळणारी वासानेही उठते.

मूल्यमापन

आधी शरीर : हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब. थायरॉइड मंद असेल तरी माणूस असाच विझल्यासारखा दिसतो. सगळे ठीक निघाले.

मग शोक की नैराश्य, हा प्रश्न. नैराश्यात बहुधा स्वतःविषयीच हीन वाटते आणि कशातच रस राहत नाही. इथे ओढ एकाच माणसाची होती. नातवाने मिठी मारली की वहिनी हसत, मुलीचा फोन आला की बोलत. पण दिवसातून अनेकदा तीच कळ उठे आणि तीच सकाळ डोळ्यांपुढे येई. दीर्घकालीन शोकविकार हे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात आहे आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात किमान सहा महिन्यांची अट आहे. डीएसएम-५-टीआर या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत मोठ्या माणसांसाठी ती बारा महिन्यांची आहे. दोन्हींत समाजाच्या रीतीपेक्षा शोक अधिक लांबलेला असणे हा निकष येतो, म्हणून इथे वर्षश्राद्ध होईपर्यंतच्या पाळणुकीला आजार म्हटले नाही. शोकाची १९ प्रश्नांची यादी तोंडी कोकणीत विचारली (प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, २५ च्या वर गेले तर लक्ष द्यावे). गुण आले ४३.

वहिनी म्हणाल्या की संध्याकाळी सोप्यावर ते बसलेले जाणवतात, मग घाबरून विचारले, "मला वेड लागतंय का?" नाही. वेल्समधले डॉक्टर डीवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची जाणीव होत होती, आणि बहुतेकांनी ते कोणाला सांगितले नव्हते. एवढे कळल्यावर वहिनी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"त्यांच्याकडे जावंसं वाटतं," हे वाक्यही आले. शोकात ते पुष्कळजण बोलतात, तरी तिथेच थेट विचारावे लागते : स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का, कसे, कधी, साधन जवळ आहे का. विचारल्याने विचार पेरला जात नाही. वहिनींच्या मनात तसा बेत नव्हता. पण कुळागराच्या घरात कीटकनाशक असते आणि विहीर असते. औषधाचे डबे कुलपात गेले, किल्ली सुनेकडे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फोनशेजारच्या भिंतीवर चिकटवला. तो चोवीस तास चालतो.

सोळा बैठका

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ कॅथरिन शिअर यांनी शोकासाठी घडवलेली सोळा बैठकांची पद्धत समुपदेशिकेने वापरली, आठवड्याला एक. पहिली बैठक म्हाळ संपल्यावर धरली. गोळी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवली : ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५, मग बंद. प्रत्येक पायरीवर दोन आठवडे. अशी गोळी एकदम तोडू नये. झोप उडते, धडधड वाढते, आणि माणसाला वाटते शोकच उफाळला.

पहिल्या तीन बैठका माहितीच्या. रोज रात्री ० ते १० मध्ये शोकाचा आकडा लिहायचा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा, आणि त्या वेळी काय चालले होते तेही. आठवडाभरात वहिनींना दिसले की आकडा सगळा दिवस ९ नसतो. केळीचे घड मोजताना तो ३ होता. शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडले की शोकातला माणूस गमावलेल्याकडे आणि पुढच्या जगण्याकडे आळीपाळीने वळतो, आणि हे हेलकावे हेच बरे होण्याचे काम. समुपदेशिकेने ते पाटाच्या भाषेत सांगितले : आज या ओळीला पाणी सोडायचे, बांध घालायचा, उद्या त्या ओळीला. सगळीकडे एकदम सोडले तर मुळे कुजतात, बंदच ठेवले तर झाड सुकते. वहिनी म्हणाल्या, "मग माझा बांध फुटलाय, की पाटच बुजलाय?" दोन्ही, एका वेळी एक.

तिसऱ्या बैठकीला मुलगा आला. त्याला तीन कामे दिली : आईला 'आता सावर' म्हणायचे नाही, बाबांचे नाव जेवताना घ्यायचे, आणि झटक्याची ती माहिती आपण कशाला वाचली ते आईला सांगायचे. त्याने सांगितले, "मला कळायला हवं होतं, मी घरी होतो." ओव्याचा दोष तोही वाहत होता.

चौथ्या बैठकीपासून त्या सकाळची पुनर्भेट. डोळे मिटून, वर्तमानकाळात, 'पाटावरून वर आले' इथपासून, वीसेक मिनिटे. हे कोकणीतच झाले. वहिनी मराठी वाचतात, मराठीत लिहितात, भजने मराठीत म्हणतात. पण रडणे घरच्या भाषेत. मराठीत सांगायला लावले तेव्हा बातमी वाचल्यासारखे निघाले. सांगणे फोनवर रेकॉर्ड करायचे आणि घरी रोज एकदा ऐकायचे.

इथे उपचारच घसरला. ऐकायची वेळ ठरवून दिली नव्हती. वहिनींनी रात्री अकराला, सगळे निजल्यावर, एकटीने ऐकले. रात्रभर डोळा लागला नाही आणि पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. चूक ऐकायला देण्यात नव्हती, कडा न आखण्यात होती. नंतर ठरले : दुपारी चारला, सून घरात असताना, एकदाच. ऐकून झाले की लगेच दोघींनी चहा घ्यायचा आणि तुळशीला पाणी घालायचे. सहाव्या बैठकीपर्यंत ऐकतानाचा आकडा ९ वरून ५ वर आला. सातव्या बैठकीत सांगताना त्या मध्येच थांबल्या : "ओंवो त्यांनीच मागितला होता." इतके महिने हा तुकडा आठवणीतून गळाला होता. दोषाची तपासणी पुढे सोपी झाली. त्या वेळी त्यांना काय ठाऊक होते, आधी किती वेळा जळजळ ओव्याने थांबली होती, हे सगळे कागदावर मांडले.

टाळलेल्या जागांची शिडी अशी : ओव्याची बरणी ६, सोप्यावर दहा मिनिटे ७, मासे ८, खालचा पाट ९. सुरुवात बरणीपासून होणार होती. त्याच आठवड्यात सुनेने सासूला त्रास नको म्हणून बरणी ओव्यासकट उकिरड्यावर टाकली. वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. घरातली वस्तू हलवायची तर ती शोकात असलेल्या माणसाच्या हातून, किंवा त्याला विचारून. नवी बरणी आणून चालली नाही. बरणी उकिरड्यावरून शोधून आणली, घासली, तेव्हा काम सुरू झाले.

मासे चार पायऱ्यांत. पहिल्या बुधवारी (सोमवार-गुरुवार तसेही शिवराक) फक्त दारात मासळीवाल्याकडून बांगडे विकत घ्यायचे. पुढल्या वेळी पिशवी स्वतः उघडायची. मग चार बांगडे कापून तिरफळे घालून हुमण करायचे, वाढायचे, खायचे नाही. चौथ्या खेपेला वहिनी नातवाच्या ताटातला काटा काढून देता देता एक घास खाऊन बसल्या. कोणी काही बोलले नाही. तसे आधीच ठरले होते.

अकराव्या बैठकीत यजमानांशी बोलणे : डोळे मिटून आधी आपण बोलायचे, मग त्यांच्या तोंडून उत्तर द्यायचे. देवापुढे गाऱ्हाणे घालायची सवय असलेल्या माणसाला हे परके वाटत नाही. वहिनींनी कावळ्याचे विचारले. उत्तरात त्यांच्याच तोंडून निघाले, "एवढ्या पावसात कावळो खंयचो येता?" श्रद्धा खरी की खोटी, या वादात समुपदेशिका पडली नाही.

कागद

शोकावर बोलताना कागदपत्रे वेगळी काढली जातात, पण गोव्यात ती वेगळी निघत नाहीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत पंचायतीत करावी लागते. दाखल्याच्या दहा प्रती तेव्हाच काढाव्यात. बाकी बहुतेक गोष्टींना पहिल्या महिन्यात घाई नसते. इथे मात्र दिरांनी पंचविसाव्या दिवशी एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणून सह्यांचा विषय काढला. वहिनींनी कागद उलटा ठेवला आणि महिनोन् महिने सही केली नाही. घरच्यांना तो लोभ वाटला. सही केली की ते गेले हे पक्के होईल, एवढेच त्यामागे होते.

लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर गोव्याच्या कायद्याने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात. निम्मा वाटा बायकोचा आधीपासूनच असतो, तो तिला वारशाने मिळत नाही. नवऱ्याच्या उरलेल्या निम्म्यावर मुलांचा वारसा लागतो, आणि मुलीचा वाटा मुलाइतकाच. हे २०१२ च्या वारसाहक्क कायद्याखाली खास नोटरीकडच्या वारस-दस्ताने किंवा वाद असल्यास न्यायालयातल्या इन्व्हेंटरीने (मालमत्तेची यादी करून वाटणी) ठरते. वकिलाने हे वीस मिनिटांत समजावले. वहिनींनी विचारले, "म्हणजे अर्धं कुळागर माझंच होतं? ते असतानाही?" तेराव्या बैठकीनंतर त्यांनी सही केली. लग्नपत्रिकांवर नावामागचे 'सौ.' जाऊन 'श्रीमती' आले होते, त्याचा सल मात्र या सहीपेक्षा जास्त होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे त्यांनी पेपरात वाचले होते. त्यांच्या वाड्यावर हळदीकुंकवाचे बोलावणे अजून येत नाही, आणि सोळा बैठकांनी त्यात काही बदललेले नाही.

पुढे

सोळाव्या बैठकीला गुण १७. गोळी बंद. खालच्या पाटाकडे त्या पहिल्यांदा दिरांबरोबर गेल्या, नंतर नारळ-सुपारी पाडणाऱ्या पाडेल्याबरोबर, नंतर एकट्या. सुपारी वाळवून, सोलून, बागायतदार संस्थेत घालायला त्या स्वतः गेल्या. तोवर प्रतवारीतले बारकावे त्यांना ठाऊक नव्हते, पहिल्या खेपेला खराब सुपारी वेगळी न काढल्यामुळे दर कमी पडला.

सहा महिन्यांनी, दुसऱ्या श्राद्धाच्या आठवड्यात पाठपुरावा झाला. हा आठवडा जड जाणार हे आधीच कॅलेंडरवर मांडले होते : मुलगी दोन दिवस आधी येणार, रेकॉर्डिंग ऐकायचे नाही, श्राद्धाच्या जेवणानंतर नातवाला आजोबांचे फोटो दाखवायचे. आकडा ३ वरून ७ वर गेला आणि चौथ्या दिवशी परत ३ झाला. बोर्डोचा दुसरा हात त्याच आठवड्यात यायचा होता. मोरचूद आणि चुना वहिनींनी आधीच आणून ठेवला होता. पाडेली पावसामुळे दोन दिवस उशिरा आला.